मावशीचे कागद कोणाचे?

प्रश्न: माझी मावशी इतिहासाची प्राध्यापक होती. स्त्रिया, जात आणि ओळख हा तिचा आयुष्यभराचा विषय. काका आधीच गेले, मूलबाळ नव्हतं. जाण्यापूर्वी तिने डायऱ्या, पत्रं, खेडोपाडी घेतलेल्या मुलाखतींच्या वह्या आणि कॅसेटी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिल्या. पोचपावतीवर 'जतनासाठी मिळाले' एवढंच आहे. आता ग्रंथालय हे सगळं इंटरनेटवर खुलं करणार आहे आणि काकांच्या पुतण्याने त्याला संमतिपत्रही दिलंय. माझ्याकडे मावशीच्या हातची सही केलेली चिठ्ठी आहे: 'माझे कागद भाचीने बघावेत.' हे थांबवता येईल का?

उत्तर: काही भाग नक्की थांबवता येईल. पण तुमचा भर चिठ्ठीवर दिसतो आणि नेमकी तीच लंगडी आहे.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणीही सक्तीची नाही. पण भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 नुसार दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या नसतील तर चिठ्ठीतून मावशीची इच्छा कळते, हक्क मिळत नाही. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15 लागतं. मूल नाही, नवरा नाही, तर बाईची स्वतःची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेर त्यानंतर. नारायणीदेवी नावाच्या विधवेला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. तरी तिने स्वतः कमावलेला पैसा सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सासरच्याच वारसांना दिला. तुमच्या मावशीने यावर एखादा खरमरीत लेख लिहिला असता.

तरीही पुतण्याच्या संमतिपत्राने लगेच हबकू नका. काकांचा एखादा सख्खा भाऊ किंवा बहीण मावशी गेली तेव्हा हयात होती का? असेल तर वारस ते. पुतण्याचा नंबर त्यांच्यानंतर लागतो आणि त्याच्या सहीला किंमत उरत नाही. भावंडं नसतील, पण आणखी पुतणे, पुतण्या, भाचे असतील, तर एकाच्या सहीवर भागत नाही. ही वंशावळ आधी कागदावर मांडा. मावशीची कपाटं, बँकेचा लॉकर, जुन्या वकिलाचं दफ्तर हेही पुन्हा पाहा. दोन साक्षीदारांचं मृत्युपत्र सापडलं आणि त्यात अप्रकाशित हस्तलिखितं तुम्हाला दिलेली असतील, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 20 प्रमाणे, उलट काही लिहिलेलं नसल्यास, त्यांचा कॉपीराइटही तुमच्याकडे येतो.

आता ग्रंथालय. 'कागद आमच्याकडे, म्हणजे सगळं आमचं' हा समज मी फार ठिकाणी पाहतो. 'जतनासाठी' या शब्दावरून ही भेट नसून ठेव होती, असं म्हणायला जागा आहे. पण भेट धरली तरी मिळाला तो कागद. मजकुराचा कॉपीराइट लेखी, सही केलेल्या दस्ताशिवाय हस्तांतरित होत नाही. तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाला तर प्रकाशनापासून 60 वर्षं. सार्वजनिक ग्रंथालयाने जतनासाठी स्कॅन करून ठेवायला कलम 52 मध्ये मुभा आहे, त्यामुळे स्कॅनिंगवर भांडू नका. तीच प्रत जगाला खुली करणं ही वेगळी गोष्ट.

मावशीला आलेल्या पत्रांचं तर आणखी वेगळं. पत्राचा कागद तिचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. मैत्रिणींनी, विद्यार्थिनींनी लिहिलेली पत्रं खुली करायची संमती पुतण्या देऊच शकत नाही, आणि तुम्हीही नाही.

सगळ्यात नाजूक आहेत त्या मुलाखतींच्या वह्या. समासात खरं नाव, मजकुरात टोपणनाव, अशी नोंद अनेक अभ्यासक ठेवतात. वही पानापानाने स्कॅन झाली की दोन्ही एकत्र बाहेर पडतात. एखाद्या बाईने स्वतःवरच्या बलात्काराबद्दल सांगितलं असेल, तर तिची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. हयात बायकांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने मान्य केलेला खासगीपणाचा हक्क आहेच. मावशीचा खासगीपणा मात्र वारसाहक्काने तुमच्याकडे येत नाही. म्हणून डायरीतल्या घरगुती गोष्टींवर तुमची बाजू कमजोर आहे, आणि माझ्या मते तिथे अडूनही बसू नये. इतिहासकाराच्या डायरीचा लोकांना उपयोग असतो.

तेव्हा पहिलं पाऊल नोटिशीचं नको. विद्यापीठ सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, दाखल नोंदवहीतल्या (ग्रंथालयात काय, कसं आलं ते टिपणारी वही) नोंदीची आणि मावशीशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत मागा. नोंद 'भेट' अशी आहे की 'ठेव', हे तिथेच कळेल. सोबत ग्रंथपालांना साधं पत्र द्या: वह्या आणि कॅसेटी तपासून नावं झाकेपर्यंत बंद ठेवा, इतरांची पत्रं परवानगीशिवाय खुली करू नका, मावशीच्या डायऱ्यांबद्दल सर्व वारसांशी बोला. पोच घ्या. जाणता ग्रंथपाल यातलं बरंच मान्य करेल, कारण कलम 72 ची झळ आधी संस्थेलाच लागते. तारीख जाहीर करून ते पुढे निघाले, तरच मनाईसाठी दिवाणी न्यायालयात जा. दावा मात्र एकट्या भाचीच्या नावाने नको. काकांच्या खऱ्या वारसांपैकी कुणी, किंवा मुलाखत दिलेली एखादी बाई तयार असेल तर तिला वादी करा. वह्यांमधल्या किती जणी हयात आहेत, हे मावशीच्या जुन्या विद्यार्थिनींना माहीत असण्याची शक्यता आहे.