आईंची स्कूटर, विमान आणि अलास्काची क्रूझ

तुमच्या आई ७२ वर्षांच्या, संधिवातामुळे शंभर पावलांपुढे चालवत नाही. बहीण सिएटलला आहे आणि जुलैत सगळ्यांनी मिळून तिथूनच सात दिवसांची अलास्काची क्रूझ करायचं ठरतंय. मोबिलिटी स्कूटर (फार चालता न येणाऱ्यांची, बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) पुण्याहून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी, विमानवाले अडवतात का, हे तुमचे प्रश्न.

मी स्वतः पोलिओवाली. आठ वर्षं स्कूटर वापरतेय. हीच क्रूझ तिच्यासकट केलीय, शिवाय भूमध्य समुद्रातलीही एक. घडी होणारी, पंचवीस-तीस किलोच्या आतली, बॅटरी सुटी निघणारी स्कूटर असेल तर बिनधास्त स्वतःची न्या. पन्नास-साठ किलोचं धूड असेल तर ते घरीच राहू दे. जहाजावर थेट केबिनमध्ये भाड्याची स्कूटर पोचवणाऱ्या कंपन्या आहेत (स्पेशल नीड्स अ‍ॅट सी, स्कूटअराउंड वगैरे). आईंची कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

विमानात खरा प्रश्न बॅटरीचा असतो. आज घरी गेल्यावर बॅटरी बाहेर काढा आणि लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट आणि ११.५ अँपिअर-अवर असेल तर २७६, म्हणजे चालेल. १५ अँपिअर-अवर असेल तर ३६०, म्हणजे नाही चालणार. कारण सुटी काढून न्यायच्या लिथियम बॅटरीला ३०० वॉट-अवरची मर्यादा आहे, आणि स्कूटरला दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६०. काढलेली बॅटरी तुमच्याबरोबर केबिनमध्येच येते, चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. जेल किंवा एजीएम प्रकारची (शिशाची, न सांडणारी) असेल तर ती काढायची नसते, स्कूटरमध्ये घट्ट बसलेली हवी.

आता गंमत ऐका. पॉवर बँकेचा नियम वेगळा आहे, १०० वॉट-अवरचा, आणि सिक्युरिटीवाल्यांच्या डोक्यात तोच पक्का बसलेला असतो. एका विमानतळावर माझी बॅटरी ट्रेमधून उचलून बाजूला ठेवली. लेबलावर फक्त व्होल्ट आणि अँपिअर-अवर, तेही अर्धं घासून गेलेलं. मी मोबाइलवर गुणाकार करून दाखवला, त्यांनी त्यांच्या मोबाइलवर केला, मग साहेबांना बोलावलं, साहेबांनी पुन्हा केला. तीन वेळा २७६ आलं तरी "पण शंभरच्या वर आहे ना मॅडम?" शेवटी एअरलाइनच्या परवानगीची ईमेल दाखवली तेव्हा सोडलं. तेव्हापासून त्या ईमेलच्या दोन छापील प्रती आणि लेबलाचा स्वच्छ फोटो पर्समध्येच असतो.

ही परवानगी काढावी लागते. नियमाने ४८ तास आधी कळवलं तरी चालतं, पण मी तिकीट काढते त्याच दिवशी कळवते. घडी केल्यावरची लांबी-रुंदी-उंची, वजन, बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर एवढं लिहून द्या आणि बुकिंगमध्ये डब्ल्यूसीएलबी हा कोड टाकायला सांगा. लिथियम बॅटरीवाल्या व्हीलचेअर-स्कूटरसाठी तोच असतो. फोनवर नुसतं "स्कूटर" म्हणू नका. मला एकदा थेट कार्गो विभागाकडे जोडून दिलं, तिथल्या माणसाने विचारलं, "अ‍ॅक्टिव्हा का? पेट्रोल काढलंय ना?" स्कूटर नेण्याचे वेगळे पैसे द्यायचे नसतात, तिचं वजन तुमच्या सामानातही धरत नाहीत.

पुण्याहून मुंबईला टॅक्सीने जाणार असाल तर कॅरिअरवाली गाडी सांगा. सीएनजीच्या सिलिंडरने डिकी भरलेली असते, घडी केलेली स्कूटरसुद्धा मावत नाही.

मुंबईला काउंटरवर स्कूटर सोडू नका. विमानाच्या दारापर्यंत तिच्यावरूनच जायचं, तसा टॅग मागायचा. तिथे ती लोडरच्या हातात जाते, आणि बहुतेक मोडतोड इथून पुढे होते. मागच्या चाकाजवळ एक खटका असतो. तो मोकळ्या बाजूला केला नाही तर मोटरचा ब्रेक लागलेला राहतो, स्कूटर ढकलली जात नाही, मग लोक ती फरफटत नेतात. मी ए-फोर कागदावर फोटो छापून, लॅमिनेट करून हँडलला बांधते. फोटोत खटक्यावर लाल बाण आहे आणि हिंदी-इंग्रजीत "हा वर करा, मग ढकला" असं लिहिलंय. दुसरा बाण सीटवर, "इथे धरून उचलू नका". किल्ली, बास्केट, उशी, जे जे निघतं ते काढून जवळ ठेवा. किल्ली तशीच राहिली तर हरवलीच समजा. माझी एक गेलीय.

सिएटलला मुंबईहून थेट विमान नाही, दुबई किंवा दोहासारख्या ठिकाणी बदलावं लागेल. मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी असेल तर तिथे स्कूटर मागूच नका, सिएटलपर्यंत टॅग करा आणि मधे विमानतळाची व्हीलचेअर घ्या. तिची वाट बघत पुढचं विमान चुकवण्यात अर्थ नाही. सिएटलला मात्र ती विमानाच्या दाराशीच हवी, हे मुंबईलाच लिहून घ्या.

हातात आल्यावर तिथेच बॅटरी लावून चालवून बघा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडायच्या आधी तक्रार नोंदवा, आणि सात दिवसांच्या आत लेखी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे स्कूटर म्हणजे सामानच. भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. स्कूटर त्याहून महाग असेल तर चेक-इनलाच जादा किंमत जाहीर करता येते. प्रवास विम्यात ती धरलीय का हे एजंटला लेखी विचारा. तोंडी ते सगळ्याला हो म्हणतात.

आता जहाज. साध्या केबिनचं दार साधारण ५८ सेंटिमीटर. तुमची स्कूटर आईंना वर बसवून, त्यांच्या कोपरांसकट मोजा, हँडल बहुतेक वेळा चाकांपेक्षा रुंद असतं. पॅसेजमध्ये उभी करायला परवानगी नसते, आपत्कालीन वाट म्हणून. केबिनमध्येच ठेवायची, तिथेच चार्ज करायची. त्यामुळे अ‍ॅक्सेसिबल केबिन मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. रुंद दार, बाथरूमला उंबरठा नाही, बसून आंघोळ करता येते. अशा केबिन मोजक्याच असतात, जुलैच्या तर आजच बघा. सॉकेट अमेरिकन पद्धतीचं, ११० व्होल्टचं. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर फक्त चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागेल. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, जहाजावर काढून घेतात.

बंदर बघून क्रूझ निवडा, हे कोणी सांगत नाही. जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहून छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, एवढंच विचारायचं. सँटोरिनीला आमचं जहाज समुद्रात उभं राहिलं. स्कूटर बोटीत घेणार नाही म्हणाले, मी दिवसभर डेकवर बसून त्या पांढऱ्या घरांकडे बघत कॉफी प्यायले. अलास्कातल्या ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन या बंदरांत बहुतेक जहाजं धक्क्याला लागतात. पण तिथे भरती-ओहोटीत पाणी पाच-सहा मीटरनी वरखाली होतं. सकाळी सपाट असलेला उतरण्याचा रॅम्प दुपारी घाट होऊ शकतो. अशा वेळी आईंना पुढे वाकून बसायला सांगा आणि खलाशाला मागून धरायला लावा, तीनचाकी असेल तर नक्कीच.

स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे चुकवू नका. डब्यात चढायला लिफ्ट आहे, फक्त आधी सांगावं लागतं. ग्लेशियर बेला तर खाली उतरायचंच नसतं. जहाजच हिमनदीसमोर जाऊन उभं राहतं, आईंना डेकवर पुढची जागा धरून द्या, दोन शाली घेऊन. आणि केचिकनचा पाऊस म्हणजे आपली आंबोलीच. हँडलवरच्या बटणांत पाणी गेलं तर स्कूटर बंद. केबिनच्या बाथरूममध्ये मिळणारी आंघोळीची टोपी हँडलवर चढवा, अगदी मापाची बसते.

व्हिसाचं तेवढं बघा. सिएटलहून निघणाऱ्या या क्रूझ बहुधा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला मधे एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. तेव्हा अमेरिकेचा मल्टिपल एंट्री आणि जोडीला कॅनडाचा, दोन्ही लागतील.

बॅटरीच्या लेबलाचा फोटो आणि एअरलाइनचं नाव इथे टाका, ईमेल काय लिहायची ते सांगते.