‘कॅट्स क्रेडल’ पहिल्यांदा वाचताय?

तीस पानांनंतर ‘हे चाललंय तरी काय?’ असं वाटत असेल तर तुमची गाडी रुळावर आहे. कर्ट व्हॉनेगटची ही १९६३ सालची उपहासात्मक कादंबरी बहुतेकांना सुरुवातीला बुचकळ्यात टाकते. सध्या एवढंच सांभाळा:

१. प्रकरणं १२७ आहेत, पण चिमुकली. म्हणून एका बैठकीत फडशा पाडू नका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या ओळीतला चिमटा घाईत निसटतो.

२. ‘पात्रं जीव लावत नाहीत’ ही नेहमीची तक्रार. बरोबरच आहे, पण ते मुद्दाम केलंय. हिरोशिमावर बॉम्ब पडतो त्या दिवशी तो बनवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ घरी दोऱ्याशी खेळत बसलेला असतो. त्याच्या मनात काय होतं, हे लेखक सांगतच नाही.

३. कादंबरीतल्या बेटावर बोकोनन नावाच्या पात्राने काढलेल्या धर्मापाशी मात्र थांबा. त्यावर बंदी आहे, पाळणाऱ्याला आकड्याला लटकवायची शिक्षा आहे, तरी अख्खं बेट, अगदी हुकूमशहासुद्धा, तोच पाळतो. आणि बंदी घालायला लावली कोणी? खुद्द बोकोननने! दारिद्र्य काही हटत नाही, मग निदान लोकांच्या जगण्यात थोडं नाट्य तरी असावं म्हणून. याला नुसती ‘धर्माची टिंगल’ म्हणून पुढे गेलात तर निम्मी कादंबरी हुकली.

आइस-नाइन, म्हणजे स्पर्शानेच पाणी गोठवणारा कादंबरीतला पदार्थ, प्रत्यक्षात शक्य आहे का, यावर वाद घालू नका (नवे वाचक हमखास तिथेच अडकतात). कादंबरी नाहीच आवडली तर अभिप्रायात बिनधास्त तसं लिहा. फक्त हसू कुठे थांबलं ते सांगा आणि शेवट फोडू नका.