कळसूबाई केलंय, मग जानेवारीत माउंट बाल्डी एका दिवसात जमेल का?

दमसासाचं म्हणाल तर जमेल, पण खरा प्रश्न बर्फाचा आहे. बाल्डी म्हणजे लॉस एंजेलिस काउंटीचं सर्वोच्च टोक, ३०६८ मीटर. गंमत बघा, मँकर फ्लॅट्सला जिथून चालायला सुरुवात होते, तीच जागा कळसूबाईच्या माथ्याहून उंच! तिथून जवळपास १२०० मीटर चढ.

वाटेतल्या स्की हट या झोपडीच्या वरचा ‘बोल’, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार, हिवाळ्यात काचेसारखा गोठतो. तिथे पाय घसरला की थांबणं कठीण. अनुभवी लोकांचाही या डोंगरावर जीव गेलाय. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे टोकदार खिळे), आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ती वापरायचा सराव हवाच. बुटांना लावायच्या साध्या साखळ्यांवर विसंबू नका. सराव नसेल तर हटपर्यंत जा, डबा खा, परत फिरा. माथ्यासाठी जुलै बरा.