शॉर्ट शिफ्टर घरी बनवता येईल का?

येईल. शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर बदलताना कमी अंतर सरकवावा लागणारा लिव्हर. गिअर लिव्हर म्हणजे शेवटी तरफच. समजा टेकूच्या वर २० सेंमी आणि खाली ५ सेंमी दांडा आहे. खालचं टोक ३ सेंमी हलवायला नॉब १२ सेंमी सरकवावा लागतो. खालची बाजू ६ सेंमी केली की १० सेंमीत भागतं, पण जोर २० टक्के जास्त.

खाली तुकडा वेल्ड करायच्या भानगडीत मात्र पडू नका. चालत्या गाडीत वेल्डिंग सुटलं तर गाडी आहे त्याच गिअरमध्ये अडकेल. त्यापेक्षा वरूनच ३-४ सेंमी कापा आणि नॉब परत बसवायला लेथवर आटे पाडून घ्या. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर तिला जागा उरते का, ते कापण्याआधी बघा. लिव्हर नुसताच ढिला वाटत असेल तर आधी बुश (सांध्यातली झिजणारी छोटी नळी) बदला, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.