घराची मूळ कागदपत्रे चोरीला गेल्यास

प्रश्न : नेरूळमधल्या सिडकोच्या वसाहतीत 2009 साली आम्ही जुना फ्लॅट घेतला. गेल्या महिन्यात घरफोडीत दागिन्यांसोबत कागदांची पिशवीही गेली. त्यात करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि सिडकोचं हस्तांतरणपत्र होतं. फिर्यादीत फक्त दागिने लिहिलेत. आता काय करावं? कोणी त्या कागदांवर कर्ज काढेल का?
— एक वाचक

उत्तर : मालकी कागदाबरोबर जात नाही, त्यामुळे धीर सोडू नका. पण फिर्यादीतली उणीव आधी भरून काढा. त्याच पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब द्या आणि प्रत्येक कागदाचं नाव, तारीख, क्रमांक त्यात लिहून घ्या. कागद ‘हरवले’ अशी ऑनलाइन नोंद करून मोकळे होऊ नका. एकीकडे चोरी, दुसरीकडे गहाळ अशी विसंगती राहिली की पुढे घर विकताना खरेदीदाराची बँक नेमकी तिथेच अडते.

करारनामा नोंदणीकृत असेल तर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात तो नोंदला, तिथे प्रमाणित नक्कल मिळते. झेरॉक्स असल्यास पानावरच्या शिक्क्यात ‘टनन’ (ठाणे जिल्ह्यातल्या नोंदणी कार्यालयांची खूण), कार्यालयाचा क्रमांक, दस्त क्रमांक आणि साल दिसेल. नसल्यास सोसायटीच्या फाइलमध्ये पाहा किंवा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा. आधीच्या मालकाचा मूळ करारही पिशवीत असेल, तर त्याचीही नक्कल काढा. मालकीच्या साखळीतला एक दुवा नसला तरी बँक कर्ज नाकारू शकते.

मग वकिलामार्फत एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस द्या. हरकतींसाठी साधारणतः 14 किंवा 15 दिवस देतात. नोटिशीचं कात्रण नको, तारखेसह पूर्ण पान जपा. मुदतीनंतर हरकत आली नसल्याचं वकिलाचं पत्र घ्या.

शेअर सर्टिफिकेटची नक्कल दुय्यम निबंधकाकडे नसते. सोसायटीला अर्ज, फिर्यादीची प्रत, नोटीस आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी) द्या. कमिटीच्या ठरावानंतर ‘डुप्लिकेट’ असा शेरा असलेलं नवं सर्टिफिकेट मिळतं. आपल्याला विचारल्याशिवाय या फ्लॅटचं ना-हरकत पत्र कोणालाही देऊ नये, असंही लेखी कळवा आणि पोच घ्या. हस्तांतरणपत्रासाठी बेलापूरच्या सिडको भवनात वसाहत विभागाकडे हीच कागदपत्रे जोडून अर्ज करा.

कर्जाची भीती अगदीच निराधार नाही. मूळ दस्त बँकेत ठेवून गहाण करता येतं, पण त्यासाठी चोराला मालक म्हणून उभं राहावं लागेल. अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल होते, बँकेच्या गहाणाची नोंद सेरसाई (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतही होते. दोन्ही ठिकाणचा शोध आत्ता घ्या आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्या.