मळीचं पाणी गव्हाला किती?

प्रश्न : डिस्टिलरीतलं, बायोगॅस काढून झालेलं मळीचं पाणी (स्पेंटवॉश) टँकरने फुकट मिळतंय. एक एकर काळ्या रानातल्या गव्हाला पन्नास पट पातळ करून प्रत्येक पाळीला दिलं तर चालेल का?

उत्तर : नाही. पातळ केल्याने मीटरवरचा ईसीचा (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) आकडा उतरतो, रानात जाणारे क्षार उतरत नाहीत. गॅस प्लांटमध्ये जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात, त्यामुळे बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) घटतो आणि चारच्या आसपासचा सामू (पीएच) साडेसातपुढे जातो. पालाश (पोटॅश) आणि क्षार मात्र जवळजवळ तेवढेच राहतात.

स्पेंटवॉशची ईसी 30 (डेसीसायमन प्रति मीटर) आणि पालाश एक टक्का धरून हिशोब करा. विहिरीच्या पाण्याची ईसी 1 असेल तर मिश्रणाची दीडच्या आसपास येते. दिसायला ठीकच! पण सहा सेंटिमीटरच्या एका पाळीला एकरी सुमारे 2.4 लाख लिटर पाणी लागतं. त्यात साधारण 4,750 लिटर स्पेंटवॉश गेला, म्हणजे 47 किलो पालाश आणि 90 किलो क्षार. बागायती गव्हाला पालाशाची शिफारस हेक्टरी 40 किलो, म्हणजे एकरी 16 किलो आहे. सहा पाळ्यांत तुम्ही 280 किलोपुढे जाल.

मात्रा पालाशावरून ठरवा : एकरी 1,600 लिटर, म्हणजे 200 लिटरचे आठ बॅरल, तेही हंगामात एकदाच. पेरणीच्या किमान तीन आठवडे आधी रिकाम्या रानात, ओलवणीच्या (पेरणीआधीच्या पाण्याच्या) दंडात, म्हणजे पाटात, तोटीने बारीक धार सोडून द्या. पाणी चालू असेपर्यंत धार पुरली पाहिजे, नाहीतर पहिल्या सऱ्यांना सगळं मिळतं. सखल जागी ते साचलं की जिवाणू मातीतला प्राणवायू संपवतात आणि तिथे गहू विरळ उगवतो. त्या हंगामात पोटॅश टाकू नका. युरिया मात्र माती परीक्षण पाहूनच कमी करा. उभ्या पिकावर टँकर फिरवला तर पानं करपतात.

टँकर घेण्याआधी त्याच पाण्याचा ईसी, पालाश आणि सोडियमचा अहवाल मागा. कारखान्याच्या संमतीपत्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने शेतावर वापराची परवानगी दिली आहे का, तेही बघा. नसेल तर टँकर परत पाठवा. निचरा नसलेल्या किंवा आधीच खारवट रानात, तसंच विहिरीलगत हे पाणी अजिबात नको.

प्रश्न : इलेक्ट्रोप्लेटिंगचं (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं) पाणी शंभर पट पातळ करून ज्वारीला?

उत्तर : कितीही पट केलं तरी नको. क्रोमियम, निकेल, कॅडमियम कुजत नाहीत, दर पाळीला मातीत साठत जातात. कॅडमियम तर दाण्यात आणि कडब्यातही उतरतं.