छावणी थांबली होती

सप्रेम सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. आईला क्षय झाल्याचे कळताच चर्चच्या मंडळीतल्या कुणी वडीलधाऱ्याने बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा ११ वा अध्याय, काय खावे नि काय खाऊ नये हे सांगणारा, उघडून घरातले खाणेपिणे सुधारायला सांगितले, आणि आता गोळ्यांवर भिस्त ठेवावी की नियमांवर, या पेचात तू पडली आहेस. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत ना? मग सहा महिने, एकही दिवस न चुकवता. त्यावर मी अधिक लिहिणार नाही.

राहिला ११ वा अध्याय. तिथे डुकराच्या पंगतीला उंट आणि ससाही बसवले आहेत, आणि कारण शास्त्र स्वतःच देते की मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा. कोकणातल्या ज्या बेने इस्राएल यहुद्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, त्यांनी बिनखवल्यांचा मासा पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य मानला, तो दुखणी टाळण्यासाठी नव्हे. आपण कोण, याची ती खूण होती. हे नियम ज्याने दिले त्या मोशेला जंतू ठाऊक होते असे मीही तरुणपणी शब्बाथ शाळेत छातीठोकपणे शिकवीत असे. आता ते आठवले की कानकोंडा होतो.

तू १३ वा आणि १४ वा अध्याय वाच. आपल्या जुन्या भाषांतरात ज्याला महारोग म्हटले आहे (तो आजचा कुष्ठरोगच असेल असे नाही), त्याचा संशय आला की माणसाला सात दिवस वेगळे ठेवीत आणि सातव्या दिवशी याजक, म्हणजे पुरोहित, त्याला पुन्हा तपासी. ज्याचा रोग हटत नसे त्याने फाटक्या वस्त्रांनी, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत इस्राएल लोकांच्या छावणीबाहेरच राहायचे. हे कठोर आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. पण तो बरा झाला असेल तर तपासायला छावणीबाहेर जायचे ते याजकाने. मोशेची बहीण मिर्याम हिला भावाविरुद्ध बोलल्यामुळे हाच रोग जडला, म्हणजे तिचा तर अपराध उघड होता, तरी ती सात दिवस बाहेर असेतो लोकांनी तळ हलवला नाही, असे बायबलातल्या गणना पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात आहे. सगळी छावणी तिच्यासाठी थांबली. दुखणे पापामुळे आले असे तुला ऐकवणाऱ्यांना हे वचन जरूर दाखव.

मला हे उशिरा उमगले. माझ्या थोरल्या भावाला क्षय झाला तेव्हा त्याची खाट मागच्या पडवीत टाकली आणि जर्मनचे एक ताट त्याच्यापुरते वेगळे केले. मी ते उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचो. जेवण झाले की तो बोटाच्या नखाने ताटावर दोनदा टिचकी मारायचा. क्षय ताटातून नव्हे, हवेतून पसरतो, हे डॉक्टरांनी तेव्हाही सांगितले होते. घरात दोन तान्ही मुले होती, धास्ती होती, आणि माझ्या जागी दुसरा कुणी असता तर वेगळे वागला असता असे मला आजही वाटत नाही. पण तो बरा झाला, डॉक्टरांनी सर्वांबरोबर जेवायला हरकत नाही म्हटले, त्यानंतरही ते ताट फडताळात वेगळेच राहिले, आणि एका रविवारी पंगतीला बसण्याआधी त्याने स्वतःच विचारले, “माझे ताट कुठे आहे?” मी ते काढून दिले. वेगळे ठेवण्याचा नियम मी तोंडपाठ केला होता; बाहेर जाऊन परत आणण्याचा नियम त्याच पानावर असून मला दिसला नाही.

म्हणून पोरी, आईने कोणता मासा खावा हे मला पुन्हा विचारू नकोस. खोलीची खिडकी उघडी ठेव, तोंडाला मास्क लाव आणि रोज तिच्यापाशी जाऊन बस. ती सर्वांमध्ये केव्हा मिसळू शकेल हे डॉक्टरांना स्पष्ट विचार, आणि त्यांनी दिलेली तारीख मला कळव. त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवायला येईन. माझे पान तिच्या शेजारी मांड.